दोन टर्बो गाड्या आणि छातीवरचा मी

मित्रांनो, सिंगापूरच्या हौगांग भागातल्या एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली एक खण आहे. त्या खणात साबणाच्या वडीएवढा जो पिवळा डबा पडलेला असतो, तो मी. मला बीकन म्हणतात. माझं वय झालं आहे, एका कोपऱ्याचा रंगही उडाला आहे, पण तब्येत ठणठणीत आहे. हे सांगताना मला किती हायसं वाटतं, ते पुढे तुमच्या लक्षात येईलच.

माझं काम सोपं आहे. डोंगरावरचा बर्फ कोसळून माणूस त्याखाली गाडला गेला, तर त्याच्या छातीवर बांधलेला बीकन सतत हाक मारत राहतो. ती हाक माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. बाहेर असलेला सोबती आपल्या बीकनची पट्टी ‘शोध’ या खुणेकडे सरकवतो. मग तो बीकन स्वतः हाक मारणं थांबवतो आणि खालची हाक ऐकू लागतो. बाणाने दिशा दाखवतो, आकड्याने अंतर सांगतो. एका वेळी एकच काम, हाक मारायची किंवा ऐकायची.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवलं, दगडावर आपटलं, बर्फात गोठवलं आणि मग कुठे पास केलं. माझा पहिला मालक दर शनिवारी डोंगरावर जायचा आणि निघण्याआधी मला तपासायचा. ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे नोकरीसाठी तो सिंगापूरला आला आणि परत जाताना त्याने मला ऑफिसातल्या निहारला देऊन टाकलं. इथे बर्फ दिसतो तो हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, आइस कचांग नावाच्या किसलेल्या गोड बर्फाच्या वाडग्यात. तिथे माझी गरज कोणाला पडणार? मी खणात गेलो. जुनी सिम कार्डं आणि मुदत संपलेले वॉरंटीचे कागद यांच्या संगतीत दोन वर्षं काढली.

निहारचे वडील चारुदत्त हे चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत इंजिनियर आहेत. मूळचे पुण्याचे. घरात यंत्र आलं की त्याची दसऱ्याला पूजा झालीच पाहिजे, हा त्यांचा नेम. त्या वर्षी लॅपटॉप, मिक्सर आणि एअर फ्रायर यांच्या रांगेत त्यांनी मलाही बसवलं. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं, वर ओल्या कुंकवातल्या अक्षताही पडल्या. दोन वर्षांनी कोणीतरी माझी दखल घेतली होती. खोटं कशाला बोलू, मी फुलून गेलो. मग त्यांनी मला कोरड्या फडक्याने पुसलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पुन्हा खणात ठेवलं. अक्षतेचा एक दाणा माझ्या पट्टीच्या खाचेत अडकला होता. तो मला टोचत होता, पण सांगणार कोणाला?

डिसेंबरात निहार आणि त्याचा तोआ पायोह भागात राहणारा बालमित्र क्षितिज यांनी कॅनडाचा बेत आखला. कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात स्नोमोबाइल, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यावर धावणारी गाडी, चालवायची. तिथे भाड्याने दोन टर्बो गाड्या मिळणार होत्या, एक निळी आणि एक नारिंगी. झालं, चारुदत्तांच्या अंगात आलं. ज्या गृहस्थांनी एअर फ्रायर निवडायला तीन आठवडे घेतले, त्यांनी एक्सेल उघडलं आणि पंख्याखाली घाम पुसत दोन्ही गाड्यांची तुलना सुरू केली.

“हे बघ,” ते निहारला म्हणाले, “उंचावर हवा विरळ. साधं इंजिन तिथे धापा टाकतं. टर्बो आत हवा कोंबतो, त्यामुळे खाली जी ताकद, तीच वरही. निळीचा पट्टा लांब आहे, ती खोल बर्फावर तरंगेल. नारिंगी हलकी आहे, झाडांमधून पटकन वळेल. पण तिचा टर्बो जागा व्हायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात मागची बाजू रुतते. निळीला ब्याऐंशी गुण, नारिंगीला एकोणऐंशी.”

“पण मला वळणारीच आवडते, बाबा.”

“मग निळी मी घेतो,” क्षितिज सिंगापुरी ढंगात म्हणाला. “तीन मार्क जास्त, चालेल, कॅन ला.”

निहारची आई नीता हे सगळं ऐकत होती. ती आपल्या ऑफिसात फायर वॉर्डन आहे, वर्षातून दोनदा आगीच्या सरावात सगळ्यांना बारा मजले पायी उतरायला लावते. तिने विचारलं, “अहो, या तक्त्यात बीकन कुठे आहे?”

“त्याची पूजा केलीय की.”

“पूजा झाली, ड्रिल नाही झालं. ड्रिल केल्याशिवाय कोणी विमानात बसायचं नाही.”

क्षितिजने नवा बीकन घेतला होता. रविवारी सकाळी तो इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, वॉइड डेकमधल्या एका खांबामागे, बीकन चालू करून उभा राहिला. निहारने मला चालू केलं आणि पट्टी ‘शोध’कडे सरकवून पाहिली. पट्टी हलेना. त्याने जोर लावला, नखाने ढकललं, पण मी आपला हाकच मारत राहिलो. मला ऐकताच येत नव्हतं. मित्रांनो, त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली, की पुन्हा खणात जाऊन पडावंसं वाटलं.

नीताने चष्मा लावला आणि टाचणीने खाच कोरली. लाल, वाळून कडक झालेला तांदळाचा दाणा तिच्या तळव्यावर पडला. चारुदत्तांचा चेहरा उतरला. ते तिथल्याच दगडी बाकावर बसले.

“मी ते चांगल्यासाठी केलं होतं, नीता.”

“माहीत आहे मला. उठा. आता पुन्हा करून बघू.”

दुसऱ्या खेपेला पट्टी सरकन गेली आणि मी क्षितिजला चार मिनिटांत शोधून काढलं. तिने त्यांना तो खेळ अकरा वेळा खेळायला लावला.

आता डोंगरावरची गोष्ट. निहारच्या छातीवर बांधलेला मी दोन्ही गाड्यांची तुलना माझ्या परीने करत होतो. निळी गेली की नुसता गंभीर घरघराट, बर्फ कापत सरळ वर. नारिंगी झाडांमधून वळली की निहारचं काळीज असं उडायचं, की ते माझ्या पाठीवर आपटायचं. दोन्ही गाड्या उत्तम होत्या. पण एक गोष्ट एक्सेलमध्ये नव्हती. साधी गाडी ज्या चढावर धापा टाकून थांबली असती, तिथे टर्बो माणसाला सहज घेऊन जातो, मग तो चढ कितीही धोक्याचा असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्षितिज निळी घेऊन तशाच एका चढावर गेला. सोबतच्या गाइडने हात करून परत बोलावलं, तोवर उशीर झाला होता. उतारावर आडवी रेघ उमटली आणि अख्खा उतार खाली सरकला. निळी गाडी दिसेनाशी झाली. क्षितिजही दिसेना.

गाइड पलीकडच्या धारेवर होता. निहार जवळ होता. वरचं काही हलत नाही, हे गाइडने पाहिलं आणि त्याला पुढे जायची खूण केली. निहारच्या अंगठ्याने आपलं काम केलं. पट्टी सरकली. क्षणभर काहीच नाही. मग मला ती हाक ऐकू आली, अगदी क्षीण. अडतीस मीटर. एकोणतीस. सतरा. निहार गुडघ्यांवर आला. चार. दीड. त्याने पाठीवरच्या पिशवीतली लांब काठी बर्फात खुपसली, ती मऊ कशाला तरी टेकली आणि तो फावड्याने खणू लागला. तोवर गाइडही येऊन पोचला. नवव्या मिनिटाला हेल्मेट दिसलं.

क्षितिज खोकला. मग पुन्हा खोकला. “माझी गाडी कुठंय?” त्याने विचारलं.

“गप बस ला,” निहार म्हणाला आणि मोठ्याने रडायला लागला.

निहारने घरी फोन लावला, तेव्हा हौगांगमध्ये दुसरा दिवस उजाडून सकाळचे साडेसात वाजले होते. नीताने फोन घेतला, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “क्षितिजला दे.”

“काकू, मी ओके आहे.”

नीताने विचारलं, “काही खाल्लंस का?” तो हसला.

परत आल्यावर क्षितिजची आई, स्मिता, मला भेटायला आली. हो, मुद्दाम मला. तिने मला दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या उडालेल्या रंगावरून बोट फिरवलं. “याचे सेल कधी बदलायचे?” तिने विचारलं. नीताने सांगितलं, तसं तिने स्वतःच्या फोनमध्ये तारीख नोंदवून ठेवली.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, वर्षानुवर्षं न लागणारं. दाराशेजारचं आग विझवायचं नळकांडं असेल, औषधांची पेटी असेल, नाहीतर बॅटरी असेल. त्यांची पूजा जरूर करा, आम्हालाही मान आवडतो. पण अधूनमधून आम्हाला हातात घेऊन चालवूनही बघा. आम्ही बिघडलो तर आम्हाला सांगता येत नाही, आणि ज्या दिवशी तुम्हाला ते कळतं, त्या दिवशी बर्फाखाली कोणीतरी वाट पाहत असतं.

स्मिताने मला हलकेच टीपॉयवर ठेवलं. समोर सोफ्यावर क्षितिज आडवा पडून नीताने केलेले बेसनाचे लाडू खात होता, आणि त्याचं चौथ्या लाडवाकडे लक्ष होतं.