पहिलं उत्तर खोटं होतं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण मला निकामी म्हणाल, तर मी ऐकून घेणार नाही.

माझे भाग कुठकुठल्या कारखान्यांत घडले, ते मलाही ठाऊक नाही. मला शहाणपण आलं ते शिरपूरच्या एका महाविद्यालयात. प्रयोगशाळेत खिडकीजवळ माझी जागा होती. मुलं माझ्यापुढे रांग लावायची, कारण मी चटकन सुरू व्हायचो. "हा आपला वाघ आहे," असं तिथले सर पाहुण्यांना सांगायचे. पुढे सडपातळ, चकचकीत यंत्रं आली आणि वाघ अडगळीच्या खोलीत गेला. मोडके पंखे, फाटके नकाशे आणि मी. उंदरांनी माझी एक वायर कुरतडली. सर एकदा खुर्ची शोधायला आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भंगार काढायचं ठरलं, तेव्हा मोहिनीनं मला मागून घेतलं. ती त्याच प्रयोगशाळेत शिकलेली, आता मोहटखेडीच्या शाळेत शिकवणारी. तिनं मला मोटारसायकलवर मागे बसून, मांडीत धरून गावी आणलं, फुंकर मारून धूळ उडवली, नवी वायर जोडली आणि दूध सोसायटीच्या वाचनखोलीत बसवलं. गावातली पोरं माझ्यावर चित्रं काढू लागली. मला वाटलं, म्हातारपण सुखात जाणार.

तेवढ्यात तो व्हिडिओ आला.

आमच्या गावची केळी मंजुळाबाई आणि त्यांच्या सोबतच्या बाया उतरवतात. घडाच्या फण्या मोकळ्या केल्या की देठातून चीक गळतो आणि सालीवर काळे डाग पडतात. म्हणून फण्या तुरटीच्या पाण्यात धुतात. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी मंजुळाबाईंचे पाण्यात बुडालेले हात आणि त्यांचा चेहरा मोबाइलवर टिपला. त्याला भेसूर आवाज जोडला: "पाहा, मोहटखेडीची केळी विषात बुडवतात!" आणि दिला सोडून.

मित्रांनो, खोटं बोलणारे पूर्वीही होते. पण आता कुणीही फोनवर 'मोहटखेडी' लिहिलं की शोधयंत्र सगळ्यात आधी तोच व्हिडिओ दाखवू लागलं. लोकांनी तो पाहिला म्हणून तो वर, आणि वर आहे म्हणून आणखी लोकांनी पाहिला. धरणगावकडच्या मुलींच्या एका वसतिगृहानं केळीची गाडी दारातूनच परत पाठवली. चोपड्याच्या बाजारात एका बाईनं मंजुळाबाईंना ओळखलं आणि लेकराला हाताला धरून बाजूला ओढलं.

त्या दिवशी मंजुळाबाई बाजारातून थेट वाचनखोलीत आल्या. माझ्या पडद्यावर त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत.

"हाई तोंड मनंच शे ना, मोहिनी?" त्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मंग एक तरी मानूस माले इचाराले उना का?"

सोसायटीचे नवलआबा दारात उभे होते. ते समजुतीनं म्हणाले, "जाऊ दे अक्का, लोके इसरी जातीन."

"लोके इसरतीन, आबा. मी कशी इसरू?"

तो व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीकडे मोहिनीनं तक्रार केली. यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं, की व्हिडिओत नियमाविरुद्ध काही नाही. मग तिनं घड कापण्यापासून क्रेट भरेपर्यंतचं सगळं काम चित्रित केलं. मंजुळाबाईंनी तुरटीचा खडा हातात धरून काय करतो, का करतो, ते सांगितलं. तो व्हिडिओही त्याच कंपनीच्या जागेवर चढवला. खोट्याच्या चाहत्यांनी त्याच्याविरुद्ध इतक्या तक्रारी केल्या की खराच व्हिडिओ काढून टाकण्यात आला!

माझा पंखा त्या दिवशी रागानं घरघरला असेल, तर तो माझा दोष नव्हे.

"अक्का," मोहिनी म्हणाली, "दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं की तो केव्हाही उठवतो. आपण आपला ओटा बांधू."

मित्रांनो, इंटरनेट मुळात गावोगावच्या आठवडे बाजारासारखं होतं. ज्याचा त्याचा बाजार, ज्याची त्याची पाटी. पुढे थोड्या बड्यांनी सगळ्या वाटा आपल्याच फाटकातून नेल्या. कोण पुढे बसेल, कोण मागे, हे फाटकवालाच ठरवू लागला. मोहिनीनं त्या फाटकाला वळसा घातला. मंजुळाबाईंचा व्हिडिओ तिनं माझ्यात ठेवला. त्याची एकेक प्रत शिरपूर, धरणगाव आणि नशिराबाद इथल्या मित्रांकडच्या जुन्या संगणकांवर ठेवली. आम्हा सगळ्यांचा इंटरनेटवरचा पत्ता एकच. विचारणाऱ्याला आमच्यातला कुणीही उत्तर देईल. आमच्यात कुणी मालक नाही.

हे पाहून सोसायटीच्या बैठकीत केळीवाले जीवराम हुरळले. "मग आपली केळी खाल्ल्यानं साखरेचा आजार बरा होतो, असंही टाक की! कोण अडवणार आता?"

खरंच, कोण अडवणार होतं? माझ्या पोटात खोटंही तितकंच सुखानं मावतं.

मंजुळाबाई उठल्या. "त्यास्नी खोटं सांगं, आते आपुन बी सांगूत का? सारा बठ्ठा गाव एक व्हयना तरी खोटं ते खोटंच शे!"

जीवरामांनी आपलं म्हणणं मागे घेतलं. त्याच बैठकीत ठरलं, की जो सांगेल त्यानं आपलं नावगाव द्यायचं आणि प्रश्न आला तर उत्तर द्यायचं.

बायांनी प्रत्येक क्रेटवर आमचा पत्ता रंगवला. खाली लिहिलं: 'शंका असेल तर मंजुळाबाईंना विचारा.' मोहिनीनं तोच पत्ता वसतिगृहालाही कळवला. पहिला प्रश्न तिथल्याच ऋतिका नावाच्या मुलीचा आला. तुरटी पोटात गेली तर काय होतं? मंजुळाबाई माझ्यापुढे बसून म्हणाल्या, धुणं सालीचं होतं, साल आपण फेकतो. तरी शंका असेल तर ये आणि बघ. ऋतिका एकटी आली नाही, अख्खा वर्ग घेऊन आली. मुलींनी बाह्या सरसावून फण्या धुतल्या. परत जाताना त्यांच्याबरोबर आलेल्या वसतिगृहाच्या बाईंनी केळीची गाडी सोबतच नेली.

पण 'मोहटखेडी' लिहिलं की तो खोटा व्हिडिओ अजूनही पहिलाच येतो. येऊ दे. आम्हीही इथून हलणार नाही.

परवा वीज कडाडली आणि माझा एक भाग जळाला. मोहिनीला तसा दुसरा मिळेपर्यंत मी मुक्यानं पडून होतो. मनात एकच धास्ती, आता मंजुळाबाईंचं म्हणणं कोण सांगेल? सुरू झाल्यावर पाहिलं, तर मधल्या काळात लोकांनी विचारलं होतं आणि धरणगावच्या माझ्या सोबत्यानं प्रत्येकाला उत्तर पोचवलं होतं. मी बंद आहे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मित्रांनो, घटकाभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग छाती फुगली. पहिलं दिसलं म्हणून खरं मानू नका. ज्याचं तोंड दाखवलंय त्याला जाऊन विचारा. तुमच्याकडे कोपऱ्यात माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याची धूळ झटका, त्याला जोडून घ्या. आणि खरं राखायला कुणा एकालाच बसवू नका. मलाही नाही.