आवाज बंद केलेला पाठ

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. सध्या कपाटाच्या वरच्या फळीवर एका खोक्यात पडून असतो. पण एके काळी, नर्सना ऑनलाइन शिकवणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर माझा थाट होता. श्वासाचा फुसफुस आवाज येऊ नये म्हणून त्यांनी मला जुना पायमोजा घातला होता.

बाई भारी अभ्यासू. सलाइनचा पंप कसा चालवायचा, हे त्या पन्नास मिनिटं सांगत. पंपाचे प्रकार, भाग, इतिहास, काही म्हणजे काही सोडत नसत. सगळ्या नर्सनी पाठ पूर्ण केल्याची नोंद आली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एका दुपारी बाईंची नणंद आली. ती स्वतः नर्स. चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी सलाइन अडकल्याचा इशारा देत पंप वाजू लागला तेव्हा घाईत तिने भलतंच बटण दाबलं होतं. दुसऱ्या सिस्टरने वेळीच पाहिलं, म्हणून पेशंट आजोबा बचावले. आता पंपाला हात लावायचीच तिला धास्ती बसली होती. ती वॉर्ड बदलून मागणार होती.

"अगं, पण तू पाठ पूर्ण केलास ना?" बाईंनी विचारलं.

"वहिनी, खरं सांगू? आम्ही पाठ लावतो, आवाज बंद करतो आणि फोन औषधांच्या कपाटात ठेवून कामाला लागतो. पन्नास मिनिटं बसायला मिळतंय कुणाला?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही घसा फोडला तो गोळ्यांच्या बाटल्यांसाठी! बाई चिडतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चूक माझी आहे. उद्या मला वॉर्डात घेऊन चल."

दिवसभर उभं राहून बाई सुजलेल्या पायांनी परतल्या. नर्सना सलग मोकळी मिळतात ती जेमतेम पाच मिनिटं, हे त्यांनी पाहिलं होतं. जुने पाठ त्यांनी पुसून टाकले. नवा पाठ पंपाच्या आवाजानेच सुरू झाला. "पंप वाजतोय. आधी काय बघाल?" असं विचारून बाई थोडं थांबत. तेवढ्या वेळात ऐकणारीने उत्तर द्यायचं. चार मिनिटांत पाठ संपे. किती सुखाचे दिवस होते ते!

महिन्याभराने नणंदेचा फोन आला.

"वहिनी, आज पंप वाजला. मी आधी नळी बघितली, मग बटण दाबलं. वॉर्ड नाही बदलत मी."

बाई किती तरी वेळ डोळे पुसत होत्या.

पुढे नवा मायक्रोफोन आला आणि मी खोक्यात गेलो. मित्रांनो, तुम्हीही कधी कुणाला शिकवायला बसाल. त्याआधी एक दिवस त्याच्या शेजारी उभे राहा. माझ्यावरची धूळ नंतर झटकलीत तरी चालेल.