चौथा भाग

मोबाइलच्या पडद्यावरचं ते निळं वर्तुळ फिरत होतं, फिरतच होतं... आणि थांबलं. कादंबरीचा चौथा भाग उतरला. उज्ज्वला मेथी निवडायची थांबली. वाचनालयात तीनच भाग, दुकानदार म्हणे छपाईच बंद — आणि ते पुस्तक असं, इतक्या शोधानंतर, ई-बुकच्या दुकानात निमूट पडलेलं!

सासऱ्यांना, दगाआबांना, हाक मारायला तिनं तोंड उघडलं, अन् मिटलं. आधी आपण डोकावून बघू.

दगाआबांची नजर गेल्यापासून दुपारी तीच त्यांना वाचून दाखवायची. शहरातल्या गोडादरा वस्तीतल्या या खोलीत, शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून — रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या चार पिढ्या, उंटांचे तांडे, समरकंदच्या पलीकडची बर्फाची खिंड. तिसऱ्या भागाच्या शेवटी आयगुल आजारी बापाला तांड्यांच्या मुक्कामाच्या सराईमध्ये ठेवून, वसंतात येते म्हणून सांगून, खिंड ओलांडून गेली होती. तेव्हापासून आबा जेवताजेवता मधेच म्हणायचे, "येई ती. पोर गुणी शे." त्यांचा धाकटा, नितीन, पुण्याला गेला तो फोनपुरताच उरलेला, तेव्हा आबा म्हणजे सराईतला तो म्हातारा, दाराकडे कान लावून बसलेला, हे उज्ज्वलानं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

पहिल्याच पानावर आयगुल म्हातारी होती. परक्या शहरात, नातवंडांत. बाप एका वाक्यात संपला होता — तो त्याच हिवाळ्यात गेला, हे तिला फार उशिरा कळलं. बस्स? एवढंच?... हे गाळता येईल. आबांना कुठं दिसतंय! आयगुल आली, बापाच्या उशाशी बसली, त्यानं तिचा हात चाचपला — वाक्यं आपोआप जुळत चालली, आणि ती जुळताहेत याचीच तिला भीती वाटली.

"काय सापडनं वं?" खाटेवरून आबा म्हणाले. "कव्हानी गप शे तू."

"चौथा भाग, आबा."

"मंग वाच ना! उनी का ती?"

ती आली का, हे न सांगता उज्ज्वला वाचू लागली. ते वाक्य आलं, जीभ अडखळली; दुसरं, बनवलेलं, अगदी ओठांवर होतं... आणि तरी तिनं छापलेलंच वाचलं.

आबांनी भिंतीकडे तोंड केलं. मग हळूच म्हणाले — "मना बाप बी असाच गया. मी आठे, ह्या शहरमा, लूमवर. माले मांगून समजनं." मग पुन्हा इकडे वळून, "ती रडनी का?"

पुस्तकात तसं काहीच नव्हतं. उज्ज्वला त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे हा माणूस सराईतला म्हातारा नव्हताच कधी — तो आयगुलसारखा खिंड ओलांडून आलेला होता, या शहरात, तरणाताठा, मागे वळून पाहायला फुरसत नसलेला... आणि आपण त्याला इतके दिवस दाराशी बसवून ठेवलं. तुमचे वडील कसे होते, आबा? — एवढंच विचारायचं होतं. पण समोरचा माणूस इतका अनोळखी झाला होता, की त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठून करावी, हेच तिला उमगेना.