पुठ्ठ्यामागचं नाव

भावजयीला डॉक्टर शोधून देण्यात नणंदेचा फायदा रोकडा होता: होणारी पोरं शाळेत जाईपर्यंत घरात तिचाच शब्द चालणार. बाइंडिंगच्या दुकानात वीस वर्षं काढलेली बाई. घरात कामाचा कागद आला की पुठ्ठ्यावर चिकटलाच. तिच्या तावडीतून विजेचं बिलसुद्धा सुटलं नव्हतं.

भावजयीला पाचवा महिना. पोटात जुळं, दोघांना वार एकच, आणि एकाचं रक्त दुसऱ्याकडे चाललेलं. सोनोग्राफीवाल्याने रिपोर्ट उलटा करून मागे काहीतरी लिहिलं, "लगेच जा" म्हणाला. तिने ऐकलं, पण ते आत पोचलं नाही. कागदामागे फिरलेलं पेन आणि पंख्याला पाती तीन, एवढंच लक्षात राहिलं.

"रिपोर्ट चुरगळू नये म्हणून चिकटवला गं, वहिनी," घरी नणंद म्हणाली. "आणि डॉक्टरचं माझ्यावर सोड. आमच्या दुकानाच्या मालकांच्या ओळखीचा आहे. बाळांचं काही असलं म्हणजे त्याच्याकडेच."

ओळख असूनही नंबर पाचव्या दिवशी लागला. खोलीत भिंतभर हत्ती आणि ससे. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि पुठ्ठा हळूच टेबलावर ठेवला.

"मी जन्मलेल्या बाळांचा डॉक्टर, ताई. पोटातल्या बाळांचे वेगळे असतात. सोनोग्राफीवाल्यांनी कुणाचं नाव नाही दिलं?"

"दिलं असतं तर मी सोडलं असतं होय?" नणंद म्हणाली.

"मागे लिहिलंय," भावजय म्हणाली. पाच दिवसांत या विषयावर ती पहिल्यांदाच बोलत होती.

नर्सने ओलं फडकं आणलं. नणंदेनेच सराईत हाताने पुठ्ठा सोलला. डिंक चांगल्या प्रतीचा, वेळ लागला. मागे एका डॉक्टरीणबाईंचं नाव, फोन, आणि 'आजच' या शब्दाखाली दोन रेघा.

डॉक्टरीणबाईंनी दुपारीच घेतलं. अर्धा तास पोटावर यंत्र फिरवलं.

"एकाचे ठोके चांगले आहेत," त्या म्हणाल्या. दुसऱ्याचे थांबले होते; यंत्र खाली ठेवून त्यांनी ते सांगितलं. "तीन दिवस आधी आल्या असतात, तर लेझरने ती रक्ताची वाट बंद करून बघता आली असती."

भावजयीने पोटावरचं जेल पुसलं आणि त्या ओल्या कागदाची नीट चार पदरी घडी घातली.

पुढे त्या घरात नणंदेचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. कारण तिने तो पुन्हा टाकलाच नाही. डिंक तिचा होता, गप्प बसणं भावजयीचं. दोघींची भरपाई पोटातल्या तिसऱ्याच जिवाने केली, आणि त्याला अजून नावही नव्हतं.