गिरणीत न झोपलेल्या बाईचे पंचावन्न टक्के

गुरुवारी दुपारी एक वाजता ब्लांका ह्रुश्कोवाचं परीक्षण लिहून तयार होतं. ‘पाणचक्की’ या नव्या व्हिडिओ गेमला तिने शंभरात पंचावन्न दिले होते. पहिला तास मोठ्या खेळाची आशा लावतो, पुढचे बारा तास ती फोल ठरवतात, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘या गावात भीती नावालाही नाही.’ गेम बनवणाऱ्या स्टुडिओची अट होती, तीनच्या आधी कुणी काही छापायचं नाही. तेवढं थांबायचं, एवढंच काम उरलं होतं.

तेवढ्यात श्टिबोरचा निरोप आला. श्टिबोर दुसऱ्या साइटवरचा परीक्षक. ब्रनो शहरात तिच्याच गल्लीत राहणारा, तिच्याच दारूगुत्त्यात बसणारा.

‘तू गिरणीत झोपलीस का?’

ती झोपली नव्हती. गेममधल्या गावात, गिरणीतही, पलंग होते, बटण दाबलं की रात्र सरायची. पण परीक्षकाला गेम मिळतो चार दिवस आधी. जखम औषधाने भरते, मग पलंगावर वेळ कोण घालवणार? अकरा वर्षांत ती कुठल्याच गेममध्ये गरजेशिवाय झोपली नव्हती. मोजलेला पैसा वसूल करणारा साधा खेळाडू मात्र पहिल्याच रात्री झोपला असता.

तिने श्टिबोरला फोन लावला.

“काय होतं झोपल्यावर?”

“ते मी सांगणार नाही, बाई. तूच बघ.”

“तू कधी झोपलास?”

“काल. तोही चुकून. न बघता कंट्रोलरवर बसलो, बटण दाबलं गेलं.” तो हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. “माझं लिहून गेलंय. मी बदलणार नाही, तूही बदलू नकोस. फक्त कुणाला तरी सांगावंसं वाटलं, बस.”

तिने संपादक रादोवानला फोन करून हे सांगितलं. तो जेवत होता. “झोप की मग,” तो भरल्या तोंडाने म्हणाला. “पण तीनच्या आत ऊठ.”

ब्लांकाने गेम उघडला आणि गिरणीतल्या पलंगापाशी जाऊन बटण दाबलं.

गेममध्ये सकाळ झाली. तेरा तास जी माणसं तीच दोन-दोन वाक्यं घोकत होती, ती सगळी आज भिंतीकडे तोंड करून उभी होती. ब्लांका जवळून गेली की प्रत्येकाची मान थोडीशीच वळायची. पाववाली तेवढी बोलली, तीही तोंड न फिरवता.

“इतके दिवस जागीच होतीस. आम्हाला वाटलं, आमच्यावर नजर ठेवायला कुणी पाठवलंय तुला.”

ब्लांकाने कानावरचे हेडफोन काढले. खोलीत लख्ख ऊन होतं, कोबीचं सूप समोर गार झालं होतं, तरी तिला भीती वाटत होती. हे गावातल्या माणसांचं भय होतं की तिसऱ्या परिच्छेदातल्या वाक्याचं, ते तिला सांगता आलं नसतं.

ती पुन्हा झोपली. एक माणूस कमी. पुन्हा झोपली. आणखी दोन कमी. सहाव्या सकाळी गाव रिकामं होतं, आणि आता काय होणार या धास्तीने ती पुढे निघाली. झालं काहीच नाही. रस्ता धरणाकडे गेला, तिथे आधी भेटलेला तोच राक्षस, तीच रटाळ हाणामारी, तोच शेवट. गेम करणाऱ्यांना गावाकरवी घाबरवायला सुचलं होतं, पण त्या भयाचं पुढे काय करायचं ते सुचलं नव्हतं.

दोन वाजून चाळीस मिनिटं. पंचावन्न टक्के बरोबरच होते. ते एक वाक्य खोडलं की मोकळी. कुणाला कळणार नव्हतं.

तिने रादोवानला फोन केला. “माझं तीनला येणार नाही.”

“वेड लागलं का? चारला कोण वाचतं?”

“मी झोपले नव्हते, हे लिहायचंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ब्लांका, ऐक माझं. लोक म्हणतील, बाईने गेम अर्धाच बघितला. उद्यापासून तुझ्या कुठल्याही आकड्यावर कोण विश्वास ठेवील?”

“तेच भय वाटतंय.”

“मग?”

“मग काय. लिहितेय.”

तीन वाजता बाकीच्यांची परीक्षणं आली. पन्नास, साठ, पंचावन्न. गाव निर्जीव आहे, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. श्टिबोरनेही. एकट्या तिनेच तोंड उघडायचं होतं. ती तासभर आणखी लिहीत राहिली. आकडा पंचावन्नच ठेवला, खालचा मजकूर मात्र सगळा नवा. ‘मी चार दिवस या गावात एकदाही झोपले नाही, ती माझी चूक,’ अशी सुरुवात. मग: ‘झोपल्यावर कळलं की गेम करणाऱ्यांना काय जमत होतं. म्हणून ते अर्ध्यात सोडल्याचा राग आता जास्त आहे.’

पहिलं वाक्य तिने चार वेळा वाचलं आणि प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.

वाचकाची पहिली प्रतिक्रिया दीड मिनिटात आली. ती उघडायचा धीर व्हायला ब्लांकाला पावणेसहा वाजले.