सोब्याची विरी

बस डोळ्यांदेखत निघून गेली. सुप्रभाताईंनी हात हलवला, अबोली दहा पावलं धावलीसुद्धा, पण ड्रायव्हरनं आरशात पाहिलं असलं तरी घड्याळाशी बेइमानी केली नाही.

"पुढची केव्हा?"

अबोलीनं थांब्यावरचा तक्ता वाचला. "दोन चाळीसला. म्हणजे अजून अडीच तास."

जपानातल्या आयझूच्या डोंगरातलं ते गाव म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिळून तीस-एक घरं. लाल-पिवळी पानं बघायला म्हणून मायलेकी पहाटेच सेंदाईहून निघाल्या होत्या. अबोली तिथल्या विद्यापीठात संशोधन करत होती, आणि बार्शीच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या सुप्रभाताई तिच्याकडे महिनाभरासाठी आल्या होत्या. आल्यापासून त्यांनी बाहेरचं असं काही तोंडात घातलं नव्हतं. इथे दिसायला भाजी असते आणि चवीला मासा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी एका सुपाच्या वाटीत अनुभवलं होतं. त्यानंतर मेतकूट-भात आणि पिशवीतले खाकरे.

पण आज खाकरे सकाळीच ट्रेनमध्ये संपले होते, आणि डोंगरातला वारा पोटात भूक पेटवत होता.

समोरच्या घराच्या दारावर निळ्या कापडाचा पडदा होता. "सोबा आहे," अबोली म्हणाली. "कुट्टूच्या पिठाचे नूडल्स. नुसतं बसू तरी, आई. बाहेर गारठशील."

आत सहा खुर्च्या, एक लांब फळी आणि फळीपलीकडे एक उंच, रुंद खांद्यांचा म्हातारा. उन्हानं रापलेला चेहरा, हात वल्ह्यासारखे. अबोलीनं कमरेत वाकून सांगितलं, की आई मासे खात नाही, माशाचं पाणीही चालत नाही, तेव्हा आम्ही फक्त चहा घेतला तर चालेल का?

म्हाताऱ्यानं पिठाच्या डब्याचं झाकण उचलून आत पाहिलं. मग म्हणाला, "पाण्यातला सोबा देतो. नुसतं झऱ्याचं पाणी. पण वेळ लागेल, सकाळचा संपलाय. आता नवीन मळतो."

"बस दोन चाळीसला आहे," अबोली म्हणाली.

"मग भरपूर वेळ आहे," म्हातारा म्हणाला आणि त्यानं लाखेची मोठी, काळीभोर परात पुढ्यात ओढली.

सुप्रभाताई खुर्चीत नीट सावरून बसल्या. पीठ मळणं म्हटल्यावर त्यांचे डोळे आपोआप तिकडे गेले. राखाडी, किंचित हिरवट पीठ. त्यानं ते चाळलं, मध्ये आळं केलं आणि त्यात पाणी ओतलं. मळलं मात्र नाही. दहाही बोटं ताठ उभी करून तो ती पिठातून गोल गोल फिरवू लागला. पिठाचे रव्याएवढे कण झाले, मग वाटाण्याएवढे. पुन्हा चार थेंब पाणी. कण बोरांएवढे झाले, आणि अचानक, जणू त्यांना कुणी बोलावून घेतलं असावं, सगळे एका गोळ्यात गेले.

"अबोली, यात गहू किती घातलाय विचार."

अबोलीनं विचारलं. "अजिबात नाही म्हणतायत. शंभर टक्के सोबा."

"छे! शक्यच नाही."

"आई, हळू बोल."

"अगं, या पिठाला विरी नसते!" सुप्रभाताई उभ्याच राहिल्या. विरी म्हणजे काय हे बार्शीत कुणाला सांगावं लागत नाही. पिठानं पिठाला धरून ठेवायची ताकद ती विरी. गव्हात ती जन्माचीच. ज्वारीत थोडी, आणि पीठ जुनं झालं की तीही जाते. मग भाकरी थापता थापता काठ फाटतात आणि तव्यावर टाकताना हातातच तुकडे राहतात. साठ वर्षं भाकरी केलेल्या बाईला हे पाठ होतं. कुट्टूचं पीठ तर त्याहून मोकळं. मैत्रिणीनं एकदा उपासाला आणलं होतं, तेव्हा त्याच्या पुऱ्या लाटताना नाकीनऊ आले होते.

आणि हा माणूस तो गोळा लाटत होता. आधी गोल, मग लाटण्याला गुंडाळून चौकोनी, घोंगडीएवढा. काठावर कुठे केसाएवढी भेग नव्हती. त्यानं त्याच्या घड्या घातल्या, लाकडी पट्टी ठेवली आणि रुंद सुऱ्यानं कापायला घेतलं. टक, टक, टक. प्रत्येक घावासरशी पट्टी जराशी मागे सरे. सुतळीहून बारीक धागे, सगळे एका मापाचे. ज्या पिठाची पुरी होत नाही त्याचं त्यानं सूत काढलं होतं.

 सुप्रभाताई कधी फळीला टेकून पुढे वाकल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

मिनिटभर उकळतं पाणी, मग गार पाणी, आणि एका काचेच्या वाडग्यात नुसत्या स्वच्छ पाण्यात पहुडलेले ते धागे त्यांच्यासमोर आले. शेजारी चिमूटभर मीठ.

त्यांनी चॉपस्टिक्स बाजूला ठेवून काटा मागितला. पहिला घास घेतला. आधी काहीच चव लागली नाही. मग पावसाआधी नांगरलेल्या शेताकडून येतो तसा वास नाकामागे दरवळला, आणि त्यामागून बारीकशी गोडी. तेल नाही, फोडणी नाही, तिखट नाही. लपायला कुठे जागाच नव्हती त्या चवीला. सुप्रभाताई चावायच्या थांबल्या. डोळ्यांत पाणी का यावं, हे त्यांना समजेना.

"काय झालं, आई?"

"काही नाही. त्यांना विचार, कितव्या पिढीचं दुकान आहे. हे रक्तातच असावं लागतं."

म्हातारा हे ऐकून मोठ्यानं हसला. त्याचं नाव एंदो, आदरानं एंदो-सान. "पहिली पिढी," तो म्हणाला. "मी कोळी. समुद्रावरचा."

मग भांडी विसळता विसळता तो सांगत गेला आणि अबोली मराठीत सांगत गेली. भूकंप झाला त्या दिवशी तो किनाऱ्यावरच होता. बोट त्सुनामीच्या लाटेबरोबर गेली. घर शाबूत राहिलं, पण अणुवीज केंद्राच्या जवळ, त्यामुळे तिथे परतायला बंदी. आधी शाळेची व्यायामशाळा, मग सरकारनं या गावातल्या एका खानावळीच्या माडीवर खोली दिली. वय अठ्ठावन्न. चार महिने तो खिडकीशी बसून डोंगराकडे बघत राहिला. डोंगर काही हलत नाही, म्हणून त्याला झोप येत नसे.

"खानावळीची मालकीण होशीबाई. एक दिवस तिनं माझ्यासमोर परात आदळली. म्हणाली, एवढे मोठे हात घेऊन नुसता बसतोस, लाज वाटत नाही? माझा सोबा तुटायचा. रोज तुटायचा. दोन वर्षं मी तुकडेच खाल्ले."

"आणि आता?"

"आता बारा वर्षं झाली."

"एक तप," सुप्रभाताई पुटपुटल्या. अबोलीला तो शब्द जपानीत सांगता येईना.

एंदो-सान त्यांच्याकडे बघत होता. "मी पीठ लाटत असताना तुमच्या आई सारखं काठाकडे बघत होत्या. गिऱ्हाईक सुऱ्याकडे बघतं. काठाकडे होशीबाई बघते."

सुप्रभाताईंना काय सुचलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "थोडं पीठ द्याल का? आणि आधणाचं पाणी."

अबोली "आई!" म्हणेपर्यंत त्या हात धुऊन फळीपलीकडे गेल्याही होत्या. उकळत्या पाण्यात पीठ चिकटून येतं की नाही हे त्यांनी बोटांनी पाहिलं, तळहातानं रगडून मळलं, उंडा केला आणि पाटावर पीठ भुरभुरून थापायला घेतलं. उजवा हात थापत होता, डावा काठ सांभाळत होता, आणि भाकरी आपली आपणच फिरत होती. लाटणं नाही, पट्टी नाही. एंदो-सानच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. लोखंडी तव्यावर भाकरी पडली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि विस्तवावर धरताच एका बाजूनं टम्म फुगली.

"ओऽऽ!" एंदो-सान लहान मुलासारखा ओरडला.

त्या आवाजानं मागच्या दारातून काठी टेकत एक ठेंगणी म्हातारी आली. हीच होशीबाई, वय एकोणनव्वद. तिनं कुणाला काही विचारलं नाही. भाकरी हातात घेतली, काठ निरखला, पापुद्रा सोडवून आतली वाफ हुंगली, आणि तुकडा मोडून सावकाश खाल्ला.  सुप्रभाताईंना वर्गतपासणीला आलेले साहेब आठवले.

"केव्हा शिकलीस?" होशीबाईनं विचारलं.

"सात वर्षांची होते."

म्हातारीनं मान डोलावली. मग एंदो-सानकडे वळून म्हणाली, "तू कर."

त्यानं उंडा घेतला. वल्ह्यासारखे हात भाकरीवर पडले आणि ती तीन जागी फाटली. त्यानं दुसरी केली. तीही फाटली. सुप्रभाताईंनी त्याचा डावा हात मनगटाशी धरून काठाला लावला. "जोर नाही लावायचा. फक्त इथे थांबायचं." अबोलीनं भाषांतर केलं नाही, तरी त्याला कळलं.

बाहेर दोन चाळीसची बस येऊन थांबली, घड्याळानुसार उभी राहिली आणि निघून गेली. आत कुणी वर पाहिलं नाही. तिसरी भाकरी फाटली तेव्हा होशीबाई बोळक्या तोंडानं हसली. "घाबरू नकोस," ती एंदो-सानला म्हणाली. "अजून बारा वर्षं."