आप्पांची चाल

मालतीबाई आणि गोपाळसर एकाच शाळेत शिकवत. बाईंची चित्रकला, सरांचा इतिहास. घरात 'अगं' आणि 'अहो' चालायचं, पण शाळेचं फाटक ओलांडलं की दोघं एकमेकांना 'बाई' आणि 'सर' म्हणत. आठवीच्या पोरांना याची भारी गंमत वाटे.

सरांचा तास म्हणजे टिपणं. सर सांगणार, पोरं उतरवणार. 'आपलं सोलापूर' नावाचा प्रकल्प आला, तेव्हाही त्यांनी गिरणीवर दीड पान लिहून दिलं. स्थापना, भरभराट, संप, टाळं. बंद पडलेली ती गिरणी शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती, पण तिच्यात कधी माणसं होती हे त्या दीड पानावरून कुणालाही कळलं नसतं.

"तुमचे दोन-चार तास मला द्या की," मालतीनं सकाळी उप्पीट वाढताना विषय काढला.

"चित्रं काढून इतिहास कळतो होय?"

"ही चित्रं चालणार आहेत."

गोपाळनं मान हलवली. त्याचा अर्थ 'नको' असा होता, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मालती तो 'बरं' असाच धरत असे.

पहिल्या दिवशी तिनं पुठ्ठ्याच्या गोल चकत्या करून घेतल्या. एका अंगाला गिरणीची चिमणी, दुसऱ्या अंगाला धुराचा लोट, दोन्ही कडांना दोरा. दोऱ्याला पीळ देऊन सोडला की चकती गरगरे आणि चिमणी धूर ओकू लागे. सबंध वर्गात चिमण्या धुमसायला लागल्या. मागच्या बाकावर पेपर तपासत बसलेले सर "आवाज कमी!" म्हणाले, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनीही एक चकती फिरवून पाहिली. मालतीचं लक्ष होतं.

मग मोठं काम. सिनेमा यायच्या कितीतरी आधी लोक हलती चित्रं बघत, ते यंत्र. काळ्या पुठ्ठ्याचा उघडा डबा, वरच्या अर्ध्या भागात उभ्या फटी, आणि फटींच्या खाली आतून चिकटवलेली बारा चित्रांची पट्टी. त्याचं खरं नाव झोइट्रोप. पोरांनी 'गरगर डबा' केलं. फिरवायला वैष्णवीनं मावशीची केक सजवायची फिरती थाळी आणली. पट्टीवर कोण? गिरणीतून सुटून घरी निघालेला कामगार. वरद ऐटीत चालून दाखवायचा आणि बाकीचे त्याला बघून काढायचे.

डबा फिरला. सगळे वरून डोकावले आणि नुसता राखाडी चट्टा दिसला.

"बाई, हे बिघडलंय!"

"वरून नाही. खाली बसा, फटीतून बघा."

पोरं गुडघ्यांवर बसली आणि एकच ओरडा झाला. माणूस चालत होता! हातात जेवणाचा डबा, मिशीला पीळ, खाडखाड पावलं टाकत.

सर उठून आले. मुलांच्या शेजारी वाकून त्यांनी फटीला डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा पोलीस भरतीला निघालाय," ते शेवटी म्हणाले. "दिवसभर उभं राहिलेला माणूस असा चालत नाही. आमचे आप्पा नव्हते चालत."

सरांचे वडील गिरणीत होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मालतीला होतं, पण तेवढंच. आप्पा तिच्या लग्नाआधीच गेलेले. त्यांच्याबद्दल विचारलं की गोपाळ "होते गिरणीत" म्हणून पेपर उघडायचा.

"मग कसे चालायचे, सर?" उत्कर्षानं विचारलं.

सर घुटमळले. मालतीकडं पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि बाकांच्या मधून चालायला लागले. आधी नुसतेच, अवघडून. फळ्याशी वळले, आणि परतताना त्यांची मान डावीकडं कलली. डबा धरल्यासारखा उजवा हात छातीशी गेला. पावलं लहान झाली, जमिनीला घासत येऊ लागली.

"मान तशी का, सर?"

"सूतखात्यात होते. यंत्राच्या कडेनं फेऱ्या मारायच्या, नजर डावीकडच्या धाग्यांवर. तुटला की जोडायचा. मग रस्त्यानंही तसंच चालायचे, जणू कडेला धागेच आहेत." सर थोडे हसले. "म्हणायचे, 'धागा तुटला की मला झोपेतबी कळतंय.'"

"सर, परत चाला!"

"आणि मधे थांबा, सर! आम्ही काढतो."

मग सर एक पाय उचलून थांबत आणि पोरं भराभरा रेघा ओढत. "हलू नका!" वरद दरडावे, आणि सर बाकाला धरून तोल सांभाळत. ज्यांच्यासमोर खोकायलाही पोरं भीत, ते सर बगळ्यासारखे उभे. मालतीला हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागले.

प्रकल्पाच्या प्रदर्शनात गरगर डब्यात आप्पांच्या चालीची नवी पट्टी बसली. ती बघायला दुधनीहून गोपाळची थोरली बहीण, रंभाबाई, आली. भावानं फोनवर नुसतं "ये" म्हटलं होतं. गुडघे दुखत होते तरी ती डब्यासमोर खुर्चीवर वाकून बसली. गोपाळनं थाळी फिरवली. तिनं फटीतून पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

"आप्पा बंद्रु!" सासरची कानडी आधी तोंडात आली. "आप्पा आले की रे, गोपाळ! मान बघ की, मान!"

थाळी मंदावली की ती "फिरव" म्हणे, आणि गोपाळ फिरवी. मागं रांग लागली.

"आजी, आता आमची पाळी," एक चिमुरडी म्हणाली. तेव्हा कुठं रंभाबाईनं खुर्ची सोडली, आणि मालतीचा हात धरून तिला तिथं बसवलं. "बघ गं. तुझे सासरे."

मालतीनं फटीला डोळा लावला. लहान पावलांनी, मान कलती ठेवून, एक दमलेला माणूस घराकडं निघाला होता. भिंतीवरच्या फोटोतला करारी चेहरा तिला कधी आपला वाटला नव्हता. हा वाटला. त्याला दारातच पाणी द्यावं असं तिच्या मनात आलं.

सात रस्ता चौकात संध्याकाळी रिक्षाची वाट बघत दोघं उभी होती.

"आप्पा घरी कधी भाकऱ्या करायचे का हो?" तिनं सहज विचारलं.

"अगं, भाकऱ्या नाही, आप्पा झुणका करायचे," गोपाळ म्हणाला आणि सांगायला लागला. दोन रिक्षा आल्या आणि रिकाम्याच गेल्या. मालतीनं हात केला नाही.